निस्ता चहा

१२ नोव्हेंबर २०२५

निकिता,

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, म्हणून ईमेल. हा पत्ता जुना आहे, तू तो उघडतेस की नाही तेही मला माहीत नाही. उघडत असशील तर पुढचं वाक्य बसून वाच. तुझे वडील आमच्या वॉर्डात आहेत.

काल सकाळी आले. स्ट्रोक आहे, मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात आणि पाय लुळे पडलेत आणि बोलणं गेलंय. शुद्धीवर आहेत, माणसं ओळखतात. झोपेतून उठले तेच तोंड वाकडं होऊन, त्यामुळे नेमकं कधी झालं ते कुणालाच सांगता येईना आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं नाही. यात कुणाची चूक नाही. भागवतने शेजाऱ्याची गाडी काढून थेट इथे आणलं. वाटेत लकव्याचं औषध देणाऱ्या कुणाकडे थांबला नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण तू पहिला संशय तुझ्या भावावर घेशील.

तुला कळवायचं नाही असं घरी ठरलंय. भागवतने मला जिन्यात गाठलं. सुप्याच्या कंपनीचा शर्ट तसाच अंगावर. "ताई, तिची तिकडं परीक्षा हाय पुढच्या म्हैन्यात. पास झाली तर नर्स म्हनून लागंल, न्हाईतर हाय तशीच मदतनीस. आता सांगितलं तर सगळं टाकून येईल बगा. आई म्हंती, आप्पा उठून बसू द्या, मग सांगू."

मी म्हणाले, बघते. शब्द दिला नाही. जिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या बापांच्या कुशी बदलल्या तिला स्वतःच्या बापाचं सगळ्यांत शेवटी कळावं, हे मला पटत नाही. आणि जे पटत नाही ते मी करत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत?

आपलं भांडण आहे तिथेच आहे. हे पत्र म्हणजे तह नव्हे. दोन वर्षांपूर्वी आपण दोघी गेटवर धरणं धरून बसलो होतो. मागणी एकच, एका नर्सवर तीस रोगी टाकू नका. तिसऱ्या दिवशी तुझा जर्मनीचा व्हिसा आला आणि तू उठून गेलीस. मी माइकवरून म्हणाले की लढाईतून निघून जाणाऱ्याला पळपुटाच म्हणतात, तो विमानाने गेला तरी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते वाक्य मी आजही मागे घेत नाही. पण आप्पांच्या बेडचा आणि त्या वाक्याचा संबंध नाही. एवढं समजून घेण्याइतकी तू शहाणी आहेस.

शरिफा


१५ नोव्हेंबर

निकिता,

उत्तर नाही. ठीक आहे. समोर चार माणसं असताना मी सभा घेतल्या आहेत, एकही नसताना पत्र लिहायला काय जातंय?

आप्पा स्थिर आहेत. पहिल्याच दिवशी चमचाभर पाणी देऊन बघितलं. ठसका लागला, आवाज ओला झाला. घशाला गिळता येत नाही, घोट श्वासनळीत उतरतो. म्हणून नाकातून नळी घातली. डाळीचं पाणी, दूध, औषधं, सगळं नळीतून. तुझी आई पहिल्या दिवशी सिरिंज हातात घ्यायला तयार नव्हती. आता शेजारच्या बेडवरच्या म्हातारीच्या सुनेला शिकवते, "दाबू नगं गं, आपसूक उतरू दे."

तोंडाने काहीही द्यायचं नाही, हे समजावताना नेहमी अडचण येते. नातेवाईक मान हलवतात आणि आपली पाठ फिरली की बिस्किट भिजवतात. मी आईंना म्हणाले, "आप्पांचा कडक उपास आहे असं समजा." त्यांना लगेच पटलं. बेडच्या डोक्याशी मी पाटीही लावली आहे. परवा कुणी देवाचा प्रसाद घेऊन आलं तर आईंनी दारातूनच परत पाठवला. अशी शहाणी नातेवाईक मला वर्षात एखादीच मिळते. भाषणाचा हाच उपयोग असतो बघ. माणसाला त्याच्याच घरातला दाखला द्यायचा.

बोलण्याचं सांगते, हसू येईल. एकच शब्द शिल्लक राहिलाय. राऊंडला डॉक्टरांनी विचारलं, "बाबा, नाव सांगा तुमचं."

"च्यायला."

"बरं, ही बोटं किती?"

"च्यायला."

इंटर्न पोरं हसायला लागली. तुझी आई पदर तोंडाला लावून म्हणाली, "माफ करा डाक्टरसाहेब. असा मानूस न्हाई वो. जन्मभर यष्टीत कंडक्टर हुते, पन पॅसेंजरला कदी अरे म्हनले न्हाईत." डॉक्टर पुढच्या बेडवर गेल्यावर मला हळूच, "पॅसेंजरला न्हाई म्हनले. मला म्हनायचे."

मी आईंना सांगितलं की शिव्या, मोजणी, पाठ केलेलं, हे मेंदूत दुसरीकडे राहतं, त्यामुळे वाचतं. आणि मग मलाच सुचलं. काल त्यांची कूस बदलताना मी कंडक्टरच्या सुरात थांबे म्हणायला लागले, "नगर, केडगाव, चास, कामरगाव..." आणि थांबले. आप्पांचे ओठ हलले. डाव्या हाताने चादरीवर टिचकी मारली आणि म्हणाले, "सुपा." स्वच्छ. शिरूरपर्यंत गेले ते. लंकाबाई मावशी फरशी पुसता पुसता उभी राहिली. म्हणाली, "आता पुन्याला गेल्याबिगर थांबायचं न्हाई आप्पा."

म्हणजे आशा आहे. तू तिकडे तेच काम करतेस, तुला सांगायला नको.

आप्पा धरण्याच्या वेळी गेटवर आले होते, आठवतं? भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन. मी बोलून खाली उतरले तर म्हणाले, "पोरी, बोलतीस लई चांगलं. पन जेवून बोलत जा, आवाज पोटातनं येतो." नंतर तू गेलीस, तरी दुसऱ्या दिवशी आप्पा पुन्हा भाकऱ्या घेऊन आले. तुझ्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. तेव्हा मला ते कळलं नव्हतं. आजही पूर्ण कळलंय असं नाही.

मी दमले आहे, निकिता. धरण्यातून पदरात पडलं ते एवढंच की नव्या गणवेशाचा रंग आमच्या पसंतीने ठरला. माणसं वाढली नाहीत, दोघी कमीच झाल्या. घरी येऊन चप्पल काढते तेव्हा पायावर तिचे पट्टे उमटलेले असतात, ते सकाळपर्यंत जात नाहीत. अम्मी म्हणते, पाय वर ठेवून झोप. पाय वर ठेवते आणि पुस्तक उघडते, आणि एकच पान तीन-तीनदा वाचते.

शरिफा


१८ नोव्हेंबर

निकिता,

आप्पांना ताप आलाय. छातीत कफ आहे. एक्स-रे काढला, उजव्या फुप्फुसात खाली डाग दिसतो. अँटिबायोटिक सुरू केलं आहे, ऑक्सिजन लावलाय. स्ट्रोकच्या रोग्यांना हे होतं, तुला माहीतच आहे.

डोळे उघडतात. "च्यायला" आज म्हणाले नाहीत.

रुग्णसेवा या शब्दावर मागे मी कॉलेजात बोलले होते, तू पहिल्या रांगेत होतीस. सेवा म्हणून फुकट राबवून घ्यायचं आणि चूक झाली की नोकर म्हणून काढायचं, असा हा शब्द दोन्हीकडून कापतो, असं काहीतरी. आज त्यावर तुला चार पानं लिहावीत असं वाटत होतं. लिहीत नाही. आईंची प्रकृती बरी आहे. त्यांना जपायला हवं. बाकी काही विशेष नाही.

शरिफा


२० नोव्हेंबर

निकिता,

तुझं उत्तर आलं. दोन वर्षांनी, आणि एका ओळीचं. "नळी असताना फुप्फुसात डाग कशाने? तोंडाने कोण काय देत होतं?" नमस्कार नाही, नाव नाही. तू चांगली नर्स आहेस. परवाच्या पत्रात मी काहीतरी गिळलंय हे तुला लगेच कळलं.

तुझ्या आईने मला हात जोडून सांगितलं होतं, "निकीला सांगू नगा. ती मला जल्मात माफ करायची न्हाई." म्हणून लिहिलं नव्हतं. आता लिहिते, पण शेवटपर्यंत वाचल्याशिवाय घरी फोन लावू नकोस.

सोमवारी दुपारची ड्युटी. वॉर्डात मी एकटी. लंकाबाई एका रोग्याला स्कॅनला घेऊन गेली होती. कोपऱ्यातल्या बेडवर एका पोराला झटके सुरू झाले, मी त्याच्याजवळ. मागून आप्पांचा ठसका ऐकू आला. थांबेना. पोराचे झटके शांत होईपर्यंत मला हलता आलं नाही. गेले तेव्हा आप्पांचा चेहरा जांभळा झाला होता. सक्शन लावलं. नळीतून तपकिरी पाणी आलं.

तुझी रंगुबाई आत्या स्टुलावर थर्मास घेऊन बसलेली. आईंच्या हातात कप.

मी ओरडले, "काय दिलंत?"

"काई न्हाई वो सिस्टर! पान्याचा थेंब न्हाई दिला. तुमची शप्पत."

"मग हातात काय आहे?"

आईंनी कपाकडे बघितलं. खरोखर नवल वाटल्यासारखं. "ह्यो? ह्यो चहा हाय. निस्ता चहा."

त्या बोलत राहिल्या. "तुमीच म्हनला हुता ना, कडक उपास समजा. मग मी म्हनलं, उपासाला चहा चालतोच की. एकादशीला चालतो, चतुर्थीला चालतो. दूध-साकरंचाच हाय." रंगुबाई म्हणाली, "भन आली आन् भावानं घोटभर चहाबी घेतला न्हाई, तर मी कंच्या तोंडानं परत जायाचं?"

मी विचारलं, कधीपासून देताय? पहिल्या दिवसापासून. सकाळी दोन घोट, संध्याकाळी दोन घोट. प्रसाद परत पाठवणारी बाई, पाण्याचा थेंब देऊ नका म्हणून नणंदेशी भांडलेली बाई, रोज नेमाने नवऱ्याला चहा पाजत होती. आप्पांना चहाशिवाय जमत नाही, आणि उपासाला चहा चालतो.

निकिता, आमच्या घरी उपास म्हणजे रोजा. रोज्यात थुंकीसुद्धा मुद्दाम गिळत नाहीत, मग चहा कुठला? मी "कडक उपास" म्हणाले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर अम्मी होती, संध्याकाळी मग़रिबच्या बांगेची वाट बघत पाण्याच्या पेल्याकडे न बघणारी. तुझ्या आईच्या डोळ्यांसमोर साबुदाणा भिजवून गॅसवर चहा ठेवणारं त्यांचं घर होतं. मी या नगरात जन्मले. तुझ्या घरी चतुर्थीला बसून मी स्वतः तुझ्या आईच्या हातचा चहा प्यायले आहे. तरी मला सुचलं नाही. एवढी पुस्तकं वाचून, एवढ्या सभा गाजवून सुचलं नाही. सरळ सांगायचं होतं की घशाखाली काही गेलं तर ते छातीत जाईल आणि माणूस दगावेल. पण मला दाखला द्यायचा होता.

मॅट्रनने बोलावलं. म्हणाली, "नातेवाईकांचा निष्काळजीपणा असं लिही आणि मोकळी हो." मी नाही म्हणाले. मी लिहिलं, समजावून सांगण्यात माझी चूक झाली, आणि लक्ष ठेवायला वॉर्डात दुसरं माणूस नव्हतं ही हॉस्पिटलची. मॅट्रन म्हणाली, "शरिफा, तुला अजून भाषणाची हौस आहे." मी म्हणाले, नाही मॅडम, ती आता राहिली नाही.

माणसं कमी होती हे खरं आहे. त्यासाठी मी पुन्हा गेटवर बसेन, एकटी बसायची वेळ आली तरी बसेन. पण "उपास" हा शब्द व्यवस्थापनाचा नव्हता, माझा होता. व्यवस्थेला शिव्या देताना स्वतःचा वाटा तिच्या खाती घालणारे मी खूप पाहिलेत, त्यांच्यावर बोलले आहे. त्यांच्यात बसायचं नाही म्हणून हे लिहिलं.

तुला रागवायचं असेल तर माझ्यावर रागाव. आईंना काही बोलू नकोस. त्या परवापासून जेवल्या नाहीत. काल लंकाबाईने बळेच ताट पुढे केलं तर म्हणाल्या, "माजाबी उपासच हाय समजा." आणि त्यांनी चहाही घेतला नाही.

शरिफा


२३ नोव्हेंबर

निकिता,

भागवत म्हणाला, तू आईंशी बोललीस. त्यांना एक शब्द लागेल असा बोलली नाहीस. आईंनी काल अर्धी भाकरी खाल्ली.

आणि तुझा मेल वाचला. "यावं का? मैत्रीण म्हणून नको, नर्स म्हणून सांग."

आज सुट्टी आहे. मुकुंदनगरच्या आमच्या घरी खिडकीशी बसून मी दुपारभर याचं उत्तर लिहिते आहे आणि खोडते आहे.

येऊ नकोस, असं एक उत्तर लिहिलं. चांगलं लिहिलं होतं. परीक्षा चुकली तर पुढची कधी मिळेल ते सांगता येत नाही. तोवर तिकडचं हॉस्पिटल जागा ठेवेल याची खात्री नाही. दोन वर्षं ती भाषा घोटलीस, लोकांची अंगं पुसलीस, ते सगळं पणाला लागेल. भागवतही हेच म्हणतो. काल पुन्हा जिन्यात थांबवलं, "ताई, तिला येऊ नगं म्हना. आमी हाय की हितं. आप्पास्नी बोलता आलं असतं तर त्यांनीबी हेच सांगितलं असतं." असेल. पण त्यांना बोलता येत नाही, आणि बोलता न येणाऱ्याच्या तोंडी आपलं म्हणणं घालणं मला आवडत नाही. मी लोकांच्या वतीने फार बोलले आजवर.

मग, ये, असंही एक उत्तर लिहिलं. तेही चांगलं झालं होतं, आणि म्हणूनच मला त्याची भीती वाटली. दोन वर्षं माझी इच्छा होती की तू परत यावीस. सामान घेऊन गेटवर उभी राहावीस आणि मी बोलले ते बरोबर होतं असं दिसावं. आता मी तुला बोलावते ते तुझ्या वडिलांसाठी, की त्या इच्छेसाठी? नीट तपासलं. ती इच्छा आता नाही. अशा कारणाने तू यावीस असं मी कधी मनातही आणलं नव्हतं.

आता फक्त नर्स म्हणून. ताप उतरत नाही. अँटिबायोटिक बदलून झालं. ऑक्सिजन रोज वाढवावा लागतो. लघवी कमी झाली आहे. हाक मारली की डोळे उघडतात, मग मिटतात. मोठे डॉक्टर व्हेंटिलेटरचं बोलले. आई म्हणाल्या, "नळीवर नळी नगं आता." भागवतनेही होकाराची मान हलवली. काल त्याने फोनवर तुझा आवाज लावून आप्पांच्या कानाशी धरला, तेव्हा मी तिथे होते. तू "आप्पा" म्हणालीस. त्यांनी डोळे उघडले. फोनकडे बघितलं नाही. दाराकडे बघितलं. बराच वेळ बघत होते.

अशा वेळी आपण वॉर्डाबाहेर येऊन काय सांगतो ते तुला पाठ आहे. आवाज खाली आणून, नातेवाईकांच्या डोळ्यांकडे न बघता, "ज्यांना बोलवायचं असेल त्यांना बोलावून घ्या." तू सांगितलंयस, मी सांगितलंय. ऐकणाऱ्याला अर्थ कळतो आणि आपण मात्र काही बोललो नाही असं राहतं. तुला मी तसं सांगणार नाही. आप्पा यातून उठणार नाहीत. किती दिवस ते मला माहीत नाही, थोडे. ते अजून ओळखतात.

ये.

एका अक्षराला दुपार गेली. परीक्षेचं पुढे काय करायचं त्यासाठी मी तुझ्याबरोबर बसेन, पत्रं लिहीन, कुणाच्या पाया पडायचं तर पडेन. आणि आपलं भांडण करायला आयुष्य पडलंय, तेही करू.

मी उद्यापासून दुपारची ड्युटी मागून घेतली आहे, आणि ती संपल्यावरही थांबणार आहे. आईंना तू येतेस हे मी सांगत नाही, तूच सांग. तू आलीस की पहाट असेल किंवा भलती वेळ असेल. गेटवरचा सिक्युरिटीवाला नवीन आहे, तुला ओळखणार नाही. भेटायची वेळ संपली म्हणून अडवेल. पेशंटची मुलगी आहे असं सांगशील तर सकाळपर्यंत बाकावर बसवेल. तसं सांगू नकोस. स्ट्रोक वॉर्डची स्टाफ आहे म्हण. मी त्याला तसंच सांगून ठेवलंय.

शरिफा